दोन रेघा

आमच्या परसातल्या पत्र्याच्या खोलीत एक सायकल आहे. आहे म्हणण्यापेक्षा होती म्हणणे आता अधिक योग्य. १९९९ साली चिरंजीव आठवीत गेले तेव्हा ती घेतली. बेळगावातल्या काळ्या, उंच, जड सायकलींचे राज्य तेव्हा ओसरू लागले होते आणि जाड टायरांच्या, सरळ हँडलाच्या, गिअरवाल्या सायकलींनी शाळकरी मुलांना वेड लावले होते. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील काही तरुण तामालपाइस डोंगराच्या उतारावरून जुन्यापुराण्या सायकली भन्नाट वेगाने पिटाळीत. त्या सायकली टिकेनात, म्हणून १९७७ साली जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी म्हणून चौकट घडविली. त्या वंशाचे एक दूरचे, लोखंडी आणि स्वस्त पिल्लू आमच्या दारात आले, एवढाच काय तो डोंगराशी संबंध. शिक्षकाच्या पगारात ते पिल्लूही महागच होते.

गेल्या मे महिन्यात पुण्याहून नातू आला. यंदा नववीत गेलेला, उंचीने बापाच्या वळणावर. येळ्ळूरच्या राजहंसगडावर सायकलने जायचे, चढ चढायचा आणि उतारावर हात सोडायचे, असा त्याचा बेत. त्यातला शेवटचा भाग त्याने आजीला सांगितला नव्हता. सायकल त्याने धुतली, साखळीला तेल दिले, चाकांत हवा भरली. निवृत्तीनंतर मी तीच सायकल भाजी आणायला वापरीत असे, त्यामुळे बैठक माझ्या बेताने खाली होती. ती त्याने आपल्या बेताने वर ओढून घेतली आणि गल्लीत फेरी मारून आला.

“आजोबा, बसलं की कर्र वाजतं. उभं राहून पॅडल मारलं की वाजत नाही.”

आयुष्यभर विज्ञान शिकविलेल्या माणसाला एवढी साक्ष पुरे होती. बसल्यावर आवाज येतो, उभे राहिल्यावर थांबतो. म्हणजे दुखणे बैठकीच्या वाटेवर कुठेतरी आहे. बैठकीची दांडी जिच्यात शिरते ती उभी नळी मी चष्मा पुसून पाहिली. आडवी नळी तिला जिथे जोडली आहे, तिथे मागच्या बाजूला रंगावर चहाच्या डागासारखी एक फिकट तांबूस ओळ होती. ओरखडा असेल, असे मन म्हणाले. मन नेहमी सोयीचे तेच म्हणते.

ओरखडा की तडा, हे ठरवायची एक जुनी रीत आहे. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत आसांचे तडे असेच शोधीत. शिलाई मशीनचे पातळ तेल त्या जागी चोळले, थोडा वेळ मुरू दिले, मग फडक्याने अगदी कोरडे पुसून घेतले. घरात खडूंची पेटी अजून आहे. खडू कुटून त्याची पूड वर लावली आणि आम्ही दोघे पायरीवर बसून राहिलो. तेल फटीत शिरलेले असेल तर ते हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. दहा-पंधरा मिनिटांत ती उमटली. नळीच्या निम्म्याहून अधिक घेराला तिने वेढा घातला होता.

धातू एका घावात मोडतो हे सगळ्यांना दिसते. तो थकून मोडतो हे माणसाला फार उशिरा कळले. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डब्यांना आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढे जर्मनीत आउगुस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने वर्षानुवर्षे आसांवर प्रयोग करून दाखविले, की एका वेळी सहज पेलेल असा भारही लाखो वेळा पडत राहिला तर धातू तुटतो. पोलादाचा एक गुण मात्र त्यातून कळला. भार एका मर्यादेच्या आत राहिला, तर ते जवळजवळ अमर्याद काळ साथ देते. अॅल्युमिनियमला अशी लक्ष्मणरेषा नाही. आमची सायकल पोलादाची. म्हणजे कोणीतरी ती मर्यादा ओलांडली होती.

कोणी, ते शोधायला दूर जावे लागले नाही. नातवाने दांडी बाहेर काढली तेव्हा खालच्या टोकापासून काही बोटांवर कोरलेली बारीक आडवी रेघ मला दिसली. दांडी या रेघेच्या वर काढू नये, असा तिचा अर्थ. दांडी नळीत पुरेशी खोल असेल तर बसणाऱ्याचा भार लांबवर विभागला जातो. ती दोन बोटेच आत राहिली, तर तीच दांडी पहारीसारखी होऊन नळीचा तोंडाकडचा सांधा उचकटू लागते.

२००२ साली मुलगा एकाएकी उंच झाला. सायकल लहान पडते, म्हणाला. मी पाना घेऊन दांडी वर ओढली, रेघ दिसली, तरी आणखी चार बोटे ओढली. “अजून दोन वर्षं निघतील हिच्यावर,” असे म्हणाल्याचेही आठवते. लांब दांडी बाजारात थोडक्या पैशांत मिळाली असती. तेवढाही शोध मी घेतला नाही. पुढे मी बैठक खाली केली आणि आत खोल गेलेली दांडी मोडक्या हाडाला बांधलेल्या फळीसारखी त्या नळीला आधार देत राहिली. म्हणून इतकी वर्षे आवाज नव्हता. दुखणे बरे झाले नव्हते, झाकले गेले होते.

रात्री मुलाला फोन केला आणि सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला.

“अण्णा, आवाज तेव्हाही यायचा. म्हणून मी कॉलेजला जाताना बराचसा रस्ता उभं राहूनच चालवत असे.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“त्या वर्षी ताईचं लग्न होतं ना.”

त्यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. तो उभा राहून सायकल चालवतो याला मी तेव्हा उर्मटपणा समजत असे आणि एकदोनदा तसे बोललोही होतो.

दुसऱ्या दिवशी चौकट उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने नखाने तडा चाचपला. “तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडून तो पुढं जायचा थांबवतो, वरून पितळेनं जोडतो की, सर. भाजी आणायला चालेल. पण पोरगं गडाच्या उतारावर जाणार काय?” मी हो म्हणालो. त्याने चौकट उचलून माझ्या हातात परत दिली. मजुरी बुडाली तरी त्याने जे केले, ते मला २००२ साली जमले नव्हते.

चाके आणि हँडल सायकलवाल्याला दिले. चौकट भंगारात गेली. नातवाला नवी सायकल घेतली, तेव्हा दुकानातच मी त्याला दांडी पूर्ण बाहेर काढायला लावली आणि रेघ दाखविली.

“आजोबा, बाबांच्या सायकलीची रेघ पुसून गेली होती का?”

“नाही रे,” मी म्हणालो. “मला ती स्वच्छ दिसत होती.”