तारेवरचं लाकूड

हायड्रा नावाची चालती क्रेन आली आणि आमच्या गोंदियाकडच्या आरागिरण्यांमधली हाळी बंद झाली. त्याआधी ट्रकवरून ओंडका उतरवायचा म्हणजे आठ-दहा हमाल, दोन तिरप्या बल्ल्या, सब्बली, जाड दोर आणि सगळ्यांचा जोर एका क्षणी एकवटणारी एकाची लांब आरोळी. त्या आरोळीत बहुधा मालकाचा उद्धार असायचा, पण सुरात असल्यामुळे मालकही तो हसून घ्यायचा. मला त्या हाळीची आठवण येते. हमालांना येत नाही. बल्लीवरून घसरलेल्या लाकडाखाली बोटं गमावलेली माणसं अजून आसपास आहेत. त्यांच्यापुढे जुन्या दिवसांचे गोडवे काय गायचे! तिकडे गडचिरोलीत कमलापूरच्या हत्तींनी एके काळी लाकडं ओढली, आता त्यांना बघायला पर्यटक जातात. हत्ती सुटला, हमालाची रोजी मात्र गेली.

गोंदिया म्हटलं की लोकांना धानाच्या गिरण्याच आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव ही नावं घेतली की धानाच्या बांध्यांमागे जंगल उभं राहतं. सागवान, येन, बिजा, धावडा, हळदू. या जंगलावर आरा चालवणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात हुकूम दिला आणि केंद्राच्या परवानगीशिवाय वनहद्दीत चालणाऱ्या आरागिरण्या बंद झाल्या. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. आता जंगलातून गिरणीत येणाऱ्या प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर हातोड्याचा शिक्का आणि सोबत वाहतुकीचा परवाना. एवढे कागद माणसाच्या जन्मालाही लागत नाहीत.

मी ज्याच्याकडे जाऊन बसतो त्या हायड्राच्या ऑपरेटरला गिरणीत सगळे उस्ताद म्हणतात. वय फार नाही. जुन्या धाटणीच्या हायड्रात ऑपरेटर मागे बसतो आणि यंत्राचा लांब बूम थेट त्याच्या डोळ्यांसमोरून पुढे जातो, म्हणजे जे उचलायचं तेच नीट दिसत नाही. मोठ्या बांधकामांवर या आंधळ्या बाजूपायी कित्येक ठिकाणी हे यंत्र आत घेत नाहीत. गिरणीत चालतं. इथे हेल्परचा हात म्हणजेच उस्तादचे डोळे. तळहात वर, तळहात खाली, बोटांची किंचित उघडझाप. आणि घाईच्या वेळी नुसतं, ‘‘होऊ द्या, होऊ द्या... बस!’’

उचललेलं लाकूड घेऊन हे यंत्र चालतंही, आणि खरी भीती तिथेच. वळताना ते कंबरेतून मुडपतं, तोल एका अंगाला जातो. सरळ उभं असताना जेवढं पेलतं तेवढं मुडपल्यावर पेलत नाही. त्यात श्रावणातला चिखल. उस्ताद अशा वेळी लाकूड जमिनीपासून जेमतेम वीतभर वर ठेवतो आणि इतक्या हळू निघतो की बघणाऱ्याला जांभई यावी. तारांचंही असंच. लांब ओंडक्याला दोन तारा लावल्या की भार निम्मा-निम्मा झाला असं आपल्याला वाटतं. तारा आखूड असल्या आणि दोघींमधला कोन फाकत फाकत १२० अंशांवर गेला, की प्रत्येक तारेवर अख्ख्या लाकडाएवढा ताण येतो. उस्तादने हे गणित शाळेत केलेलं नाही. फाकलेली तार बघितली की तो मान हलवतो आणि हेल्पर मुकाट्याने लांब तारा आणायला जातो.

पण मी जातो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. लाकडाचा सगळा व्यवहार टेपवर चालतो. गोलाईचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं. १२० सेंटिमीटर गोलाईचा चार मीटरचा ओंडका कागदावर ०.३६ घनमीटर भरतो. खरा तो त्याहून मोठा असतो. शंभरातले एकवीस-बावीस भाग या हिशेबातच गळतात, साल आणि कडा वाया जाणार हे धरून. टेप बाहेरून फिरतो. आत काय आहे ते त्याला कळत नाही. उस्तादला कळतं, आणि तेही लाकडाला हात न लावता. असा ओला सागवान चारशे-साडेचारशे किलोंच्या घरात जायला हवा. तार ताणली जाते, इंजिनाचा आवाज जडावतो, मागची चाकं किंचित हलकी होतात. हे सगळं त्याच्या बैठकीतून वर येतं. एकदा चांगला गरगरीत, सरळ ओंडका तारेवर चढला आणि उस्तादने तो अधांतरीच थांबवला. पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. मग खिडकीतून डोकं काढून म्हणाला, ‘‘भाऊ, हे आतून खाली आहे.’’ दोन्ही तोंडं धडधाकट दिसत होती. मालकाने लिलावात त्याचे पूर्ण पैसे मोजले होते, त्यामुळे त्याला ते पटायला वेळ लागला. आऱ्यावर चढवल्यावर मधोमध हातभर पोकळी निघाली, आतून काळी भुकटी आणि पळापळ करणाऱ्या मुंग्या. सावकाश कुजत गेलेल्या त्या झाडाचं दुखणं पहिल्यांदा कळलं ते त्याला तोलणाऱ्या माणसाला.

२०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान निघालं, मिरवणूक निघाली, फुलं उधळली गेली. ते लाकूड ट्रकवर कोणी चढवलं, हे मला कुठल्या बातमीत सापडलं नाही. उस्तादला विचारलं तर म्हणाला, ‘‘पाहिजे काहाले? लाकूड पोचलं ना.’’

हल्ली आमच्या गिरणीत सागवान कमी आणि शेतातला आंबा, जांभूळ, कडुनिंबच जास्त येतो. उस्तादला आंबा आवडत नाही. बांधावरच्या झाडाला लोक काय काय ठोकतात: कुंपणाची तार, गुरं बांधायची कडी, निवडणुकीच्या पाट्या. झाड ते सगळं पोटात घेतं, वरून साल जुळते आणि काही दिसत नाही. मागच्या आठवड्यात असाच एक आंबा त्याने अलगद ट्रॉलीवर ठेवला. आरा सुरू झाला आणि तिसऱ्या फळीला खाडकन आवाज होऊन पट्ट्याचे दात उडाले. मालक तडक हायड्राकडे आला. एवढी पोकळी ओळखतोस, मग हे कसं नाही समजलं म्हणून तडकला. उस्ताद खाली उतरून पट्टा बघत होता.

‘‘खिळ्याचं वजन काय लागते, भाऊ?’’ तो म्हणाला, आणि हेल्परला चहा सांगायला पाठवलं. पट्टा बदलायला दुपार जाणार होती.