कर्जतचा थांबा

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी सुमारे 100 किलोमीटर धावून कर्जतला येते आणि थोडी विसावते. समोर सह्याद्रीची भिंत उभी असते. येथून लोणावळ्यापर्यंतचा 28 किलोमीटरचा मार्ग म्हणजे बोरघाट. 37 फूट पुढे जावे तेव्हा 1 फूट वर, असा त्याचा खडा चढ. एकट्या इंजिनाला तो भार पेलत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या पाठीमागे जादा इंजिने जोडली जातात.

हा मार्ग 1856 ते 1863 या काळात घडला. काम घेतलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये भारतात येताच अल्पावधीत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने ते काम पुढे तडीस नेले. ऊन, पाऊस आणि पटकीच्या साथी यांत हजारो मजुरांनी येथे प्राण गमावले. आज तीन तासांच्या प्रवासात कोणाला त्यांची आठवण होत नाही. गाडी अडली, की मात्र हा घाट स्वतःकडे पाहायला लावतो.

वैशाखातील एका सायंकाळी पुण्याचे एक व्यापारी कुटुंब असेच कर्जतला अडकले. स्टेशनाच्या पुढील सांध्यात बिघाड झाला होता. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून चौविहार करावा, या हिशेबाने निघालेल्या आजींच्या डब्यात दोनच खाकरे उरले होते. फलाटावर गरम वड्यांचा घमघमाट होता. परंतु बटाटा हे कंदमूळ, त्यामुळे तो मार्ग बंद. मुलाचा जीव वेगळ्याच गोष्टीत गुंतला होता. परगावचा एक कापडव्यापारी रात्रीच्या गाडीने पुणे सोडणार होता आणि त्याच्याशी ठरलेला सौदा त्याआधी पुरा व्हायचा होता.

"एवढ्याशा दगडासाठी शेकडो माणसे खोळंबली!" तो त्रासून म्हणाला.

खिडकीखाली उभ्या असलेल्या वयस्कर सांधेवाल्याने शांतपणे उत्तर दिले, "शेठ, खडीचा तुकडा रुळांच्या मध्ये अडकलाय. सरकता रूळ दुसऱ्या रुळाला पुरता चिकटला नाही, तर यंत्राला ते कळतं आणि सिग्नल लाल राहतो. फट बोटाहून बारीक असेल, पण चाक तिच्यात शिरलं तर गाडी रुळावरून उतरेल."

आजी नातवाकडे वळल्या. "तुझे आजोबा रोजमेळात चार आण्यांचा फरक आला, तरी दुकानाला कुलूप लावत नसत. घरी जेवण निवत असे. ते म्हणत, शंका राहिली की पुढचे पान उलटायचे नाही."

मुलगा काही बोलला नाही.

पूर्वेच्या कड्यांवरचे ऊन हळूहळू वर सरकत होते. पायथ्याची झाडे काळवंडली, मग मधला उतार, शेवटी माथ्यावर सोनेरी रेघ तेवढी उरली. आजींनी एक खाकरा नातवाला दिला, दुसऱ्याचे दोन तुकडे करून अर्धा सुनेपुढे धरला. उकळून गार केलेल्या पाण्याचे चार घोट घेतले. रेघ विझण्याआधी त्यांनी हात जोडून पच्चक्खाण घेतले. आता उद्या सूर्योदयानंतर नवकारशी होईपर्यंत पाणीही नाही. चेहऱ्यावर तक्रार नव्हती.

पुण्याहून फोन आला. व्यापारी निघून गेला होता.

दगड निघाला, तरी यंत्र पूर्ववत होईना. तेव्हा सांधा पेचाने आवळून त्याला कुलूप घालण्यात आले, चालकाच्या हाती लेखी परवानगी देण्यात आली आणि माणसाच्या चालीने गाडी सोडण्याचे ठरले. मागच्या इंजिनांनी रेटा दिला. डबे कुरकुरत हलले.

सांध्याजवळ तोच वृद्ध सांधेवाला हिरवा दिवा धरून उभा होता. त्याची नजर गाडीकडे नव्हती. ती रुळांवर, सरकत जाणाऱ्या एकेका चाकावर खिळली होती. साधुसाध्वी विहारात पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती आजींनी जन्मभर पाहिली होती. त्यांनी खिडकीतून त्या माणसाला हात जोडले.

त्याला ते दिसले नाही. शेजारी बसलेल्या मुलाला दिसले. त्याने हातातला फोन खिशात ठेवला आणि आईच्या पाठीमागे उशी सरकवली. पहिला बोगदा आला.