चिमुकल्या काडतुसाचा भरवसा

२०१८च्या ऑगस्ट महिन्याच्या २२ तारखेला इंडोनेशियातील पालेम्बांग येथे आशियाई क्रीडास्पर्धेतील महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराची अंतिम फेरी रंगली होती. कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची नाफास्वान यांगपायबून यांचे प्रत्येकी पन्नास बार संपले, तेव्हा दोघींच्या नावावर ३४ वेध होते. निर्णयासाठी पाच जादा बार झाले. पुन्हा बरोबरी, ४ आणि ४. आणखी पाच झाले. राहीचे ३, प्रतिस्पर्धिनीचे २. भारतीय महिला नेमबाजाला आशियाई स्पर्धेत मिळालेले ते पहिले सुवर्णपदक.

या विजयाचे वर्णन करताना हाताची स्थिरता, मनाचा निग्रह, श्वासावरील ताबा यांचा उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्या दिवशी आणखी एक परीक्षा चालू होती, तिच्याकडे प्रेक्षकांचे लक्ष नव्हते. पात्रता फेरीतील ६०, अंतिम फेरीतील ५० आणि बरोबरी सोडवणारे १० असे १२० बार एका पिस्तुलाला झाडायचे होते. प्रत्येक बारानंतर त्याने रिकामी पुंगळी बाहेर फेकायची, आतला घोडा पुन्हा चढवायचा आणि मॅगझीनमधील पुढचे काडतूस नळीच्या तोंडाशी आणून बसवायचे. हे सारे आपले आपण, नेमबाजाने पुन्हा चाप ओढण्यापूर्वी. जलद फेरीत लक्ष्य एका वेळी अवघे तीन सेकंद दिसते. त्या तीन सेकंदांत यंत्र अडले, तर नेमबाजाच्या वर्षानुवर्षांच्या तपश्चर्येचा उपयोग नसतो.

हे पिस्तूल ज्या काडतुसावर चालते ते ‘पॉइंट टू-टू लाँग रायफल’ जातीचे. नाव रायफलचे असले तरी पिस्तूल आणि रायफल दोन्हींत ते वापरले जाते. एनसीसीच्या शिबिरात पहिला बार काढलेल्या हजारो विद्यार्थ्यांना ते परिचित आहे. राहीनेही शाळेत असताना एनसीसीतच प्रथम बंदूक हाती घेतली. याच काडतुसाने तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले, आणि याच काडतुसाने स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक पटकावले. तिघेही कोल्हापूर जिल्ह्याचे. मात्र तेजस्विनी आणि स्वप्निल यांच्या रायफलीत प्रत्येक काडतूस हाताने भरावे लागते; त्या प्रकारांचा नियमच तसा आहे. राहीच्या पिस्तुलाला आणि अर्धस्वयंचलित टू-टू रायफलींना हे काम स्वतः करावे लागते. काडतूस तेच, पण हाताने भरल्यावर जे अत्यंत गुणी ठरते, तेच यंत्राने भरायचे म्हटले की लहरी होते. असे का, हा पदार्थविज्ञानाचा एक सुरेख प्रश्न आहे.

प्रश्नाची सुरुवात पितळापासून होते, आणि पितळाची ओळख करून घ्यायची तर नाचियार्कोविलइतके चांगले ठिकाण नाही. तंजावरच्या मराठी राज्याच्या जुन्या मुलुखात, कुंभकोणमहून तिरुवारूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील ‘कुत्तुविळक्कु’ला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कावेरीच्या काठच्या मऊ गाळाचे साचे करून त्यांत वितळलेले पितळ ओततात. समईची बैठक, दांडा, तेलाची तबकडी आणि माथ्यावरचे शिखर हे भाग निरनिराळे ओतले जातात, कानसून-घासून साफ केले जातात आणि आट्यांनी एकमेकांत बसवले जातात. हे पितळ जाड, जड आणि निवांत असते. देवघरात एकदा उभे राहिले की पिढ्या जातात.

टू-टूच्या काडतुसाची पुंगळीही तांबे आणि जस्त यांचीच. पण तिचे आयुष्य याच्या अगदी उलट. काडतुसाच्या पितळात साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. जस्ताचे प्रमाण या मर्यादेत राहिले की मिश्रधातू थंड असतानाही ताणला जातो, फाटत नाही. म्हणून पुंगळी ओतत नाहीत. पत्र्याच्या चकतीची वाटी करून ती टप्प्याटप्प्याने ओढून लांबवतात. शेवटी सुमारे १५.६ मिलिमीटर उंचीची, पातळ भिंतीची नळी तयार होते आणि तिच्या बुडाशी पत्रा दुमडून बाहेर आलेली कडा राहते. या कडेलाच ‘रिम’ म्हणतात, आणि सगळा खेळ या कडेचा आहे.

मोठ्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी पेटवणीची स्वतंत्र टोपी असते. टू-टूमध्ये ती नसते. पेटवणीचे द्रव्य ओल्या अवस्थेत पुंगळीत घालून पुंगळी गरगर फिरवतात, म्हणजे ते दुमडलेल्या कडेच्या पोकळीत सर्वत्र पसरते. बंदुकीची पिन या कडेवर आघात करते, कडा चेपली जाते, द्रव्य पेटते. म्हणून नाव रिमफायर. युक्ती स्वस्त आणि सोपी आहे. फ्रान्समध्ये फ्लोबेअर याने १८४५च्या सुमारास तिचा पाया घातला आणि टू-टू लाँग रायफल १८८७पासून जवळजवळ त्याच रूपात चालू आहे. पण या युक्तीच्या पोटातच दोन अडचणी आहेत. कडा पिनेने चेपली जावी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते, आणि पितळ पातळ म्हटल्यावर आतला दाब मर्यादित ठेवावा लागतो. दुसरे असे की कडेच्या एखाद्या भागात द्रव्य विरळ पसरलेले असले आणि पिन नेमकी तेथेच पडली, तर बार होत नाही. तेच काडतूस थोडे फिरवून पुन्हा बसवले, तर बहुधा पेटते.

आता यंत्राकडे वळू. अर्धस्वयंचलित टू-टू बंदुकीत सहसा कोणतीही कडी-कुलपे नसतात. नळीच्या मागे एक जड बोल्ट स्प्रिंगच्या जोरावर टेकलेला असतो, एवढेच. बार झाला की गोळी पुढे जाते आणि त्याच संवेगाने बोल्ट मागे जातो. हिशेब करून पाहावा. गोळीचे वस्तुमान २.६ ग्रॅम आणि वेग सेकंदाला ३३० मीटर धरला, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १४१ ज्यूल येते. बोल्ट २०० ग्रॅमचा मानला, तर संवेग अक्षय्यतेच्या नियमाने त्याचा वेग सेकंदाला ४.३ मीटर आणि ऊर्जा सुमारे १.८ ज्यूल. म्हणजे गोळीच्या ऊर्जेच्या सव्वा-दीड टक्का! एक किलोचे वजन १९ सेंटिमीटर, वीतभरसुद्धा नाही, उचलायला लागेल एवढीच ही शक्ती.

या अपुऱ्या भांडवलात केवढा संसार करायचा असतो पाहा. पुंगळी ओढून काढायची, ती बाहेर फेकायची, घोडा चढवायचा, स्प्रिंग दाबायची, आणि मग त्याच स्प्रिंगने परतताना मॅगझीनमधले नवे काडतूस ढकलून आत बसवायचे. बारूद वाईट असेल, काडतुसे थंडीने गारठली असतील, आणि गोळीचा वेग १० टक्क्यांनी घटला, तर बोल्टची ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे १९ टक्क्यांनी घटते. तिकडे घर्षण मात्र कमी होत नाही. उलट वाढतच जाते. टू-टूची गोळी उघड्या शिशाची, वर मेणाचा किंवा ग्रीसचा लेप. प्रत्येक बारासोबत शिशाचे कण, वितळलेले मेण, न जळलेली बारूद आणि काजळी यांचा थर यंत्रात साचतो. पाचशेव्या बाराला बोल्टला जो रस्ता मिळतो, तो पहिल्या बाराचा नसतो. शिवाय मॅगझीनमध्ये काडतुसांच्या कडा एकावर एक बसलेल्या असतात; वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे अडकली, तर पुढे सरकणारा बोल्ट तेथेच रुततो.

अभियंत्यांना हे फार पूर्वी कळले होते. १९०३ साली विंचेस्टर कंपनीने अमेरिकेत अर्धस्वयंचलित रिमफायर रायफल बाजारात आणली. त्या काळी टू-टूची काडतुसे काळ्या बारुदीचीही मिळत, आणि तिची काजळी यंत्र चिकटवून टाकी. म्हणून कंपनीने त्या रायफलीसाठी वेगळ्या मापाचे, केवळ धूरविरहित बारुदीचे काडतूस काढले. लोकांना सवयीची काडतुसे भरताच येऊ नयेत, हाच उपाय! पुढे १९६४ साली आलेल्या रूगरच्या १०/२२ रायफलीने कडांचा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवला: तिच्या फिरत्या मॅगझीनमध्ये दहा काडतुसे चरकाच्या दातांमध्ये बसल्यासारखी अलग अलग राहतात, कडेला कडा भिडतच नाही.

तरीही भरवशाचे गणित कठोरच राहते. समजा, एखादे पिस्तूल हजार बारांत सरासरी एकदाच अडते. ऐकायला हे उत्तम वाटते. पण १२० बार एकही अडथळा न येता होण्याची शक्यता ०.९९९ या संख्येच्या १२०व्या घाताइतकी, म्हणजे सुमारे ८९ टक्के. नऊ सामन्यांमागे एकात ते अडणार. शंभरात एकदा अडणारे असेल, तर दहापैकी सात सामन्यांत दगा. विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: या गणितात प्रत्येक बार इतरांपासून स्वतंत्र मानला आहे. प्रत्यक्षात काजळी साचत जाते, काडतुसांची एखादी खेप सबंधच सदोष निघते. म्हणून अडथळे एकटेदुकटे येत नाहीत, झुंडीने येतात. आणि म्हणूनच खेळाडू एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या खेपा तपासून आपल्या नळीला मानवणारी निवडतात, मॅगझीनचे ओठ वाकले तर नाहीत ना हे पाहतात, किती बारांनंतर सफाई करायची याची वही ठेवतात. पदकाच्या छायाचित्रात ही वही दिसत नाही.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बंदूक अडली की नवशिक्याचा पहिला आवेग असतो तो झटकन बोल्ट ओढून पुढचा बार काढण्याचा. स्पर्धेचा नियम नेमका याच्या विरुद्ध आहे. नेमबाजाने पिस्तुलाचे तोंड लक्ष्याच्या दिशेनेच ठेवायचे, यंत्राला हात न लावता मोकळा हात वर करायचा आणि पंचाला येऊ द्यायचे. पंच पाहतो: काडतुसाच्या कडेवर पिनेची खूण आहे का, पुंगळी अडकली आहे का, की नेमबाजच मॅगझीन भरायला विसरला? दोष यंत्राचा वा काडतुसाचा ठरला, तर नियमाच्या मर्यादेत पुन्हा संधी मिळते. दोष स्वतःचा असेल, किंवा घाईने यंत्राला हात लावला असेल, तर नाही.

हा नियम केवळ न्यायासाठी नाही. न पेटलेले काडतूस क्षणभर उशिराने पेटू शकते. त्याहून भयंकर म्हणजे, बारूद अपुरी असली तर गोळी नळीतच अडकून राहते. आवाज किंचित दबका येतो, धक्का कमी जाणवतो, आणि बोल्टला पुरेशी ऊर्जा न मिळाल्याने यंत्र बहुधा अर्ध्यावर थांबते. अशा वेळी जो ते यंत्र हाताने जबरदस्तीने चालवून दुसरी गोळी झाडतो, तो नळी फुटण्याचा धोका ओढवून घेतो. म्हणजे ज्या तुटपुंज्या ऊर्जेमुळे हे काडतूस बेभरवशाचे ठरते, तीच कमी पडली की यंत्र थांबून इशारा देते. तो इशारा ऐकण्याचे शिक्षण बोटांना नव्हे, मनाला द्यावे लागते.

भरवसा या शब्दाचा अर्थ येथे थोडा बदलतो. कधीही न अडणारे यंत्र माणसाने अजून बनवलेले नाही. ज्याची सीमा आपल्याला ठाऊक आहे, ज्याच्या अडण्याची कारणे आपण मोजली आहेत आणि जे अडल्यावर काय करायचे नाही हे आपण आधीच ठरवले आहे, ते यंत्र भरवशाचे. चिमुकले, स्वस्त, हलका धक्का देणारे काडतूस शाळकरी मुलीच्या हातात देता येते, कारण त्याची शक्ती थोडी आहे. आणि त्याच कारणाने ते यंत्राला पुरते पोसू शकत नाही. गुण आणि दोष एकाच मुळातून आलेले आहेत. एक ठेवून दुसरा उपटून टाकता येत नाही. फक्त सांभाळता येतो.

नाचियार्कोविलच्या समईचे जाड पितळही हे जाणते. तिलाही रोज घासावे लागते, वातीची काजळी पुसावी लागते, आटे सैल झाले तर घट्ट करावे लागतात. पिढ्यान्‌पिढ्या टिकणे हा धातूचा गुण जेवढा, तेवढाच तो हातांचा. मिलिसेकंदभर जगणाऱ्या पुंगळीच्या मागेही तसेच हात असावे लागतात. पालेम्बांगला त्या शेवटच्या पाच बारांत जे यंत्र चालले, ते नुसत्या नशिबाने चालले नव्हते.