खाडे

गेल्या महिन्यात आमच्या लॅबमधली एक ज्युनियर विचारायला आली, "ताई, हा प्रायमर तुम्ही ६० डिग्रीला लावून बघितला होता का?"

"बघितला असणार," म्हटलं आणि शोधायला बसले. सहा वर्षांच्या नोंदी, सगळ्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. आणि फाइलींची नावं काय? 'पीसीआर नवीन', 'पीसीआर फायनल', 'फायनल खरंच'! नुसतं ६० शोधलं तर ६० मिनिटांपासून ६० मायक्रोलिटरपर्यंत सगळं हजर. अर्धा दिवस गेला, हाती काही नाही.

शेवटी शनिवारी पायथॉनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली. फार काही नाही हो, जेमतेम ४० ओळी. बरं झालं, प्रत्येक नोंदीत 'तारीख', 'प्रायमर', 'तापमान', 'निकाल' अशा ओळी लिहायची सवय पहिल्यापासून होती. स्क्रिप्टने फक्त त्या ओळी उचलायच्या, एका तक्त्यात भरायच्या आणि फाइलला तारखेचं नाव द्यायचं. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. महिना आणि दिवस दोन आकडी लिहिले, म्हणजे ३ नाही तर ०३, की फाइली आपोआप तारीखवार लागतात.

पहिल्याच फेरीत आपटले. एका दिवशी दोन प्रयोग केले असले की दोघांना एकच नाव, आणि लिनक्सवर पायथॉन काही न विचारता एका फाइलवर दुसरी बसवून मोकळा होतो. ३७ फाइली गायब! नशीब, आधी सगळं कॉपी करून ठेवलं होतं. मग तारखेपुढे क्रमांक जोडला आणि कानाला खडा लावला: स्क्रिप्ट चालवायची ती प्रतींवर, मूळ फाइलला हात लावायचा नाही.

तक्ता तयार झाला आणि बघतच राहिले. ६० डिग्री मी लावलं होतं. एकदा नाही, तीनदा! आणि तिन्ही वेळा 'निकाल'पुढे काहीच नाही. जमलं नाही म्हणून लिहिलं नाही, लिहिलं नाही म्हणून विसरले, विसरले म्हणून परत केलं. बँड आलाच नाही की जेलच बिघडलं होतं, आता कोण सांगणार?

तेव्हा आईची आठवण झाली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिचा दुधाचा हिशोब असायचा. रोज आलेलं दूध ती कधीच लिहायची नाही. लिहायची ते फक्त खाडे. महिनाअखेर बिल देताना तेवढंच पुरायचं.

न आलेलं दूध लिहून ठेवणारी आई, आणि न आलेला निकाल गाळणारी तिची पीएचडीवाली लेक. असो.

स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढवल्या. निकाल रिकामा दिसला की त्या फाइलचं नाव 'खाडा' म्हणून सगळ्यात वर येतं. सध्या तशा ५८ फाइली आहेत. आठवतंय तेवढं भरतेय, नाही तिथे 'आठवत नाही' असं लिहितेय.

ज्युनियरला सांगितलं, "मला माहीत नाही गं, तू करून बघ. पण काही आलं नाही, तरी लिही."