रेघ

भुसावळजवळच्या दीपनगरच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या एका कारखान्यात एक मोटर सारखी बंद पडायची. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हच्या पडद्यावर ठरलेली तक्रार: एन्कोडर फॉल्ट. एन्कोडर नवा बसवला, केबल बदलली, आता ड्राइव्हच्या कार्डावर संशय होता. मग बाहेरून बोलावलेला माणूस आला. त्यानं मोटरच्या शाफ्टपासून कपलिंगवरून थेट एन्कोडरच्या शाफ्टपर्यंत पांढऱ्या मार्करनं एक सरळ रेघ ओढली. "चालवा भाऊ. तोवर चहा घेऊ."

परत येऊन मोटर थांबवली, तर रेघ कपलिंगपाशी तुटलेली. अर्धी इकडे, अर्धी बोटभर पुढे. कपलिंगचा ग्रब स्क्रू ढिला होता.

संशय आला की भाग बदलायचा, ही रीत मला आळशी वाटते. पैसेवाल्यांचा आळस.

मोटरचा वेग मोजणाऱ्या एन्कोडरचं काम तसं साधं. बारीक खाचांच्या चकतीतून उजेड येतो, अडतो. फेरीला 1024 स्पंद असतील आणि मोटर मिनिटाला 1500 फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला 25,600. ए आणि बी अशा दोन ओळी, दोघींत पाव आवर्तनाचा फरक. कोण आधी आली त्यावरून दिशा कळते. कपलिंग घसरलं की ड्राइव्हला मोटर मंद वाटते. बिचारा आणखी जोर लावतो.

काही न बदलता तपासायची रीत मी लहानपणीच ऐकली होती. भुसावळ स्टेशनात गाडी बराच वेळ थांबायची. रात्री वरच्या बर्थवर पडल्या पडल्या मी वाट बघायचो ती हातोडीवाल्याची. लांब दांड्याची हातोडी घेऊन तो डब्याडब्याच्या चाकांवर ठोके मारत यायचा. टण्ण. टण्ण. आवाज लांबून जवळ यायचा, नेमका माझ्या खाली वाजायचा आणि पुढे निघून जायचा. चाकाला तडा असेल तर ठोका बद्द वाजतो, असं वडिलांनी सांगितलं होतं. त्यामुळे बद्द आवाजाची मला भीती वाटायची आणि, खरं सांगायचं तर, थोडी आसही. आपल्याच डब्याखाली वाजला तर? सगळे उतरणार, कंदील येणार, रात्रभर फलाटावर मजा. मग तो ॲक्सल बॉक्सवर हाताची पाठ टेकवून बघायचा, आई आमचं कपाळ बघायची तशी. आता त्यासाठी बंदुकीसारखं तापमापक असतं. भुसावळच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, त्या हाताला बॉक्सचा ताप आणि हवेचा ताप वेगळा कसा कळत असेल?

दीपनगरच्या वीजकेंद्राला कोळसा याच रुळांवरून येतो. आत टर्बाइन मिनिटाला 3000 फेऱ्या घेतं; आपली पन्नास हर्ट्झची वीज त्यातूनच येते. अशा शाफ्टवर बहुधा साठ दात्यांचं चाक असतं. साठच का, तर सेकंदाचे स्पंद मोजले की मिनिटाच्या फेऱ्या आयत्या मिळतात, गुणाकार-भागाकार नको. वेग हाताबाहेर जातोय का, हे बघायला मात्र एकावर भिस्त ठेवत नाहीत. तीन सेन्सर, आणि तिघांतल्या दोघांचं जुळलं तरच टर्बाइन ट्रिप.

आपल्याकडे तीन का नाहीत, असं त्या कारखान्याच्या मालकांना विचारलं. त्यांनी आधी चहाचे पैसे दिले, मग हसले.