शेपटीखालचा जिना

बोइंग ७२७ विमानाच्या शेपटीखाली एक जिना असायचा. विमानतळावर शिडी नसली तरी प्रवाशांना चढता-उतरता यावं, म्हणून. २९ मार्च १९७५ ला व्हिएतनाममध्ये दा नांग शहर पडत असताना त्या जिन्यावर वर्ल्ड एअरवेजचा मालक एड डेली स्वतः गर्दी रेटत उभा होता. बायका-मुलांना बाहेर काढायचं ठरलं होतं. आत घुसले ते बहुतेक पळ काढणारे सैनिक, बायका-मुलं मोजकीच. काहीजण तर चाकांच्या खोबणीत शिरले. तो जिना उघडा ठेवूनच विमान उडालं.

याचं चित्रण आहे. ते बघताना मला राहून राहून प्रश्न पडतो, की एअरलाइनचा मालक तिथे काय करत होता?

डेलीने ही कंपनी १९५० मध्ये ५० हजार डॉलरला घेतली. अमेरिकेत नियमित मार्ग तेव्हा सरकार वाटून देई आणि ते मोठ्या कंपन्यांकडे जात. डेलीच्या वाट्याला भाड्याची कामं आली: सैनिक ने, माल ने, सहलीला निघालेला घोळका ने. वऱ्हाडाला बस देणाऱ्या आपल्या ट्रॅव्हल्सवाल्यासारखंच, फक्त याची सराई युद्धाची. व्हिएतनाममध्ये लष्कराची ने-आण करून कंपनी गब्बर झाली. दा नांगनंतर चारच दिवसांत डेलीने मनाई धुडकावून सायगावहून पन्नासहून जास्त मुलं अमेरिकेला नेली, मालवाहू डीसी-८ मध्ये, जमिनीवर ब्लँकेटं अंथरून. त्याच्या धाडसाबद्दल मला शंका नाही. पण त्याला नुसता नायक म्हणायला जीभ रेटत नाही. त्याच युद्धाने त्याची तिजोरी भरली होती.

१९७८ मध्ये सरकारने मार्गांवरचं नियंत्रण उठवलं. स्वस्त तिकिटाची विमानं नियमित चालवायचं डेलीचं जुनं स्वप्न होतं. १९७९ मध्ये त्याने ती सुरू केली आणि तिथेच कंपनी घसरली. इंधन भडकलं, मोठ्यांनीही भाडी पाडली. भाड्याच्या धंद्यात विमान भरलेलं असो की रिकामं, पैसे ठरलेले. इथे रिकामी खुर्ची मालकाच्या बोकांडी. डेली १९८४ मध्ये गेला, नियमित सेवा १९८६ मध्ये बंद पडली.

मग पुन्हा लष्कराचीच भाडी. इराक, अफगाणिस्तान. तिथलं सैन्य घरी परतू लागलं तशी कामं आटली, मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मार्च २०१४ मध्ये वर्ल्डची विमानं जमिनीवर टेकली ती कायमची.