केमन बेटांवरचा एक शेअर

20 जानेवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोनच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा मी खूश होतो. बीडमध्ये करसल्लागार आहे; कायद्यात बसवून कर वाचवणं हाच माझा धंदा.

2007 साली हचिसन या परदेशी कंपनीने मुंबईच्या हच-एस्सार या मोबाइल कंपनीतला आपला हिस्सा व्होडाफोनला विकला. सौदा 11 अब्ज डॉलरांचा. टॉवर इथले, ग्राहक इथले. हात बदलला मात्र तो हिस्सा ज्या केमन बेटांवरच्या कंपनीमार्फत होता, तिच्या एकुलत्या एका शेअरने. नफा हचिसनचा, पण पैसे देताना कर कापला नाही म्हणून आयकर खात्याने सुमारे 11 हजार कोटी व्होडाफोनकडे मागितले. न्यायालयाने सांगितलं, हा परदेशातला व्यवहार, इथे कर लागत नाही. मी म्हणायचो, त्यांनी डोकं लढवलं, तुमच्या पोटात का दुखतं? सरकारला दिलं काय आणि सांडलं काय!

जीएसटी आल्यावर मोबाइल दुकानांची विवरणपत्रं भरू लागलो आणि हे मत डळमळलं. रिचार्जवर 18 टक्के. दिवाळीच्या आगेमागे वडवणी, धारूर, केजकडचे ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे जातात, पोरं आजीपाशी ठेवून. फडातून घरी फोन करायचा तर त्या रिचार्जमध्ये कर आधीच भरलेला. ‘ही माणसं कुठं कर भरतात?’ असं आमच्या धंद्यात सर्रास बोलतात. मीही बोलायचो. प्रत्यक्षात त्याच टॉवरच्या मालकीचा अब्जावधींचा सौदा करमुक्त सुटला होता.

सांडण्याचं म्हणाल, तर 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीसाठी महाराष्ट्राने 1975 मध्ये व्यवसाय कर लावला. मुंबईतल्या पगारदारांच्या त्या पैशातून आमच्याकडे खडी फोडणाऱ्यांना मजुरी मिळाली. (त्याची कमाल मर्यादा वर्षाला 2,500 रुपये, बाबू असो की बडा संचालक, हेही मला आता खटकतं.)

तरी व्होडाफोनच्या निकालानंतर तेव्हाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जींनी अशा सौद्यांवर कर लावणारी, 2012 मध्ये थेट 1962 पासून लागू केलेली दुरुस्ती मला आजही पटत नाही. खेळ संपल्यावर नियम बदलू नयेत. 2021 मध्ये सरकारने जुन्या व्यवहारांवरची ती मागणी सोडली, हे बरं झालं. 28 मे 2012 नंतरच्या अशा सौद्यांना मात्र कर लागतो, तोही मला आता हवासा वाटतो.

अशील अजून विचारतात, “साहेब, काही वाट?” कायद्यात असेल ती सांगतो. कौतुक करायचं तेवढं सोडलं.